पिठाची रेघ

उद्यमनगरात, आमच्या शेडात,
उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत
एक बोट येऊन बसली, पांढरीफेक,
चुकीच्या लग्नात शिरलेल्या पाहुण्यासारखी.
पथकाचे इंगवले म्हणाले, "सिद्राममिस्त्री,
मागनं पाणी घेतीया. तासाला दोन बादल्या.
चौघांनी बघितलं, चौघांनी सिलिकॉन फासलं."

फासलं होतंच. थरावर थर.
ते खरवडण्यातच माझा सोमवार गेला.

मी डिझेल पंपाचा माणूस.
असलं इंजिन पहिल्यांदाच बघत होतो:
धड घरात, पाय पाण्यात.
मधल्या फळीला परातीएवढं भोक
आणि नदी अडवायला
वळ्यावळ्यांचा एक रबरी भाता.
माझ्या आज्ज्याचा भाता वारा ओढायचा, विस्तव फुलवायचा.
ह्याचं काम एवढंच
की काही आत घ्यायचं नाही.

पाणी शिरतं एकीकडं,
तळाच्या लाकडाला धरून गुपचूप चालत जातं
आणि थेंब टाकतं तिसऱ्याच्याच दारात.
होजच्या क्लिपा आवळल्या. पंपाचं सील उघडलं.
तळाचं बूच काढून तोंडात धरून फुंकलंसुद्धा.
सगळे निर्दोष.
इंगवल्यांचा फोन रोज अकराला.

बुधवारी सुरैया म्हणाली,
आयटीआयची, दुसऱ्या वर्षाची,
"मिस्त्री, उलटंच करूया की.
हिला पाण्यात सोडण्यापेक्षा
पाणी हिच्यात सोडू."
मी हसलो.
मग हसायचा थांबलो.

नळी लावून भरली बोट, ढोपरभर,
कोरड्या फरशीवर उभी.
शेजारच्या फौंड्रीतली पोरं आली,
"काय मिस्त्री, म्हस डुंबायला आणताय व्हय?"
आम्ही दोघं मागं उकिडवे, बॅटरी घेऊन.
मोठा भाता कोरडा.
धुराच्या वाटेवरचा कोरडा.
फळीचं गॅस्केट कोरडं.
वीस मिनिटं झाली. पोरं कंटाळून गेली.

आणि मग गिअरच्या केबलीवरचा
धाकटा भाता, अंगठ्याएवढा,
ज्याच्याकडं चौघांपैकी कुणीच बघितलं नव्हतं,
त्याच्या दुसऱ्या वळीखालनं
एक थेंब.
लोंबकळला. पडला.
मागनं दुसरा.
माझं बोट तिथं शिरेना, तिचं शिरलं.
"हाय, मिस्त्री. तिळाएवढं.
दात लागल्यात कुणाचं तरी."

उंदीर. पुरानंतर वर्षभर बोट
पेंडीच्या गोदामात ठेवली होती म्हणे.
म्हणजे गेल्या पावसाळ्यात
चिखलीच्या गल्ल्यांतनं फिरली ती हा तीळ घेऊनच.
इंगवले फोनवर थोडा वेळ बोललेच नाहीत.
मग सांगितलं त्यांनी, आंबेवाडीचा एक शिंपी
सुटका झाल्यावरही उतरला नव्हता.
चार खेपा मागंच बसून होता,
डालड्याच्या डब्यानं पाणी उपसत.
नाव विचारायचं राहूनच गेलं.

पणजीहून रात्रीच्या गाडीनं पार्सल आलं.
एवढुसं रबर, पानाच्या पुडीएवढं.
कडा घासल्या, पुसल्या, परत पुसल्या.
गोंद लावून दाबून धरलं.
क्लिपचा स्क्रू खालच्या अंगाला ठेवला,
पुढच्या मिस्त्रीचा हात पोचावा म्हणून.

शनिवारी पहाटे रंकाळ्यावर
जलपर्णी बांबूनं सारून बोट सोडली.
सुरैयानं घरनं शाळवाचं पीठ आणलेलं.
फळीच्या आतनं, ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत,
तिनं पिठाची रेघ ओढली.
ओलं झालं की कळणार.

दोन तास आम्ही काठावर.
गंगावेशीतनं दूध पिऊन आलो, परत बसलो.
मी दोनदा उठलो, तिनं दोनदा बसवलं.
मग वाकून बघितलं:
रेघ जशीच्या तशी,
फक्त एका मुंगीनं मधनं वाट पाडलेली.

इंगवल्यांनी सीटखालनं डालड्याचा डबा काढला,
गंजका, कानाला तार बांधलेला.
"आता ह्याचं काय काम? टाकू का?"
सुरैयानं माझ्याकडं बघितलं.
मी म्हटलं,
ऱ्हाऊ दे.