हीटर लावा, म्हणाला

सहम सुटलं आणि काटा चढायला लागला.
आधी मध्यावर, मग मध्याच्या केसभर वर,
मग लाल रेघेच्या उंबऱ्याशी.
बाहेर सेहेचाळीस. डावीकडे डोंगर भाजलेल्या विटांसारखे,
उजवीकडे समुद्र असणार, धुरकटात दिसत नव्हता.
फोनवर दुरमहम्मद म्हणाला,
एसी बंद करा, काचा खाली घ्या,
आणि हीटर लावा. पूर्ण.
हीटर?
हीटर. आतला ताप थोडा तुम्ही घ्या,
इंजिनाला तेवढाच कमी.

सोळा वर्षं तापाचे तक्ते भरत आलेली मी,
दुसऱ्यांच्या कपाळांवर ओल्या पट्ट्या ठेवणारी,
गरम वाऱ्याच्या तोंडाशी बसून
चाळीसच्या वेगानं, चारी दिवे लुकलुकत,
पिवळ्या रेघेच्या बाहेरून.
स्टिअरिंग धरवेना, म्हणून ओढणी गुंडाळली.
काटा पाव बोट उतरला.
मी मोठ्यानं म्हटलं, शाब्बास.
कुणाला, कुणास ठाऊक.

सनैयात त्यानं अर्धा तास बॉनेटला नुसता टेका दिला.
झाकणाला हात लावायचा नाही.
त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत
कातडीची एक पांढरी, गुळगुळीत वाट आहे.
एकोणीसचा होतो, म्हणाला, घाई होती.

मग डिपस्टिक पुसली, बुडवली, पुन्हा पाहिली.
तेलावर साय नाही. म्हणजे हेड वाचलं.
पंख्याची तार थेट बॅटरीला लावली. फिरला.
पंपाखाली बोटं फिरवली. कोरडी.
झाकण काढून इंजिन चालवलं. बुडबुडे नाहीत.
धूरही पांढरा नाही.
मग आतलं पाणी बशीत घेतलं:
आठवडाभर उकळलेल्या चहाचा रंग,
त्यात हिरवट खरवसाचे तुकडे.
हे कुणी घातलं, त्यानं विचारलं,
आमचे डॉक्टर नातेवाइकांना विचारतात तसं,
आवाज न चढवता.

सगळ्यांनीच घातलं.
नव्व्याण्णवची सनी. माझ्याआधी रोवेनाची, एक्स-रेमधल्या;
ती बाळंतपणाला सेबूला गेली, परत आलीच नाही.
तिच्याआधी कुणी सुदानी गणिताचे मास्तर.
एकानं हिरवं, एकीनं लाल,
आणि मी नळाचं, समुद्राचं गोडं केलेलं.
आपल्याला चालतं, तर हिला का नाही?
थर्मोस्टॅट जागेवर नव्हताच.
गरम देश, दरवाजा कशाला, म्हणून
कधीतरी कुणीतरी काढून फेकलेला.
दार गेलं की आडवाट उघडी राहते, तो म्हणाला,
अर्धं पाणी रेडिएटरला न भेटताच माघारी.

आणि झाकण.
त्यानं अंगठ्यानं स्प्रिंग दाबली,
ती विनाहरकत खाली गेली,
वर यायला मात्र विचार करत बसली.
रबराला बारीक भेगा, उन्हाळ्यातल्या टाचेसारख्या.
मी दर सुट्टीत चिपळूणहून कुकरची रिंग आणते,
सैल झाली की डाळ कच्ची आणि ओट्यावर पूर,
हे ज्या बाईला पाठ आहे
तिला दाबाचं सांगायला दुसरं कुणी लागावं?
दीड रियाल. नवं झाकण. खोक्यासकट.

नळी लावून त्यानं सगळं धुतलं,
पाणी तांबडं, मग पिवळं, मग नुसतं पाणी.
नवा थर्मोस्टॅट, नवं कूलंट, तयार मिसळलेलं,
एकाच रंगाचं. मला बजावलं:
एकाच रंगाचं, सिस्टर.
मग इंजिन चालू, हीटर पूर्ण,
आणि वरचा जाड पाइप मुठीत धरून
तो दाबत राहिला, सोडत राहिला.
अशी पिशवी मी रात्रपाळीत किती छात्यांसाठी दाबली आहे.
हवा अडकलेली असते, म्हणाला,
ती स्वतःहून बाहेर येईपर्यंत थांबायचं.
एक बुडबुडा आला. बराच वेळ काही नाही.
मग आणखी एक, मोहरीएवढा.
पातळी दोन बोटं खाली गेली, त्यानं भरली.

अंधार पडता पडता निघाले.
काटा मध्यावर, आज्ञाधारक,
त्याच्यावर माझा अजून विश्वास नाही.
फलजच्या चौकात लक्षात आलं,
पायांवर गरम वारा येतोय,
हीटर बंद करायचा राहिलाच.
पुढच्या चौकापर्यंत
तसाच राहू दिला.