डावा मात्रा खातो

आधी कळलं ते बुटांना.
उजव्याची टाच झिजून तिरकी,
डाव्याची अजून दुकानातल्यासारखी.
दांडिया बाजारातल्या मोच्यानं दोन्ही तळवे
उजेडात धरले नि म्हणाला,
"बेन, एक पग काम करे छे,
बीजो खाली साथे आवे छे."

मग कळलं वाकसकर मास्तरांना.
पहाटे साडेपाचला त्यांच्या खिडकीखालून मी जाते,
ते हातोडीनं तबल्याचे गठ्ठे ठोकत असतात.
एक दिवस गजाआडून आवाज आला,
"हेमांगी, तुझा डावा मात्रा खातो गं."
धाप लागली होती म्हणून
मी उत्तर दिलं नाही.
खरं तर उत्तर नव्हतं.

चार वर्षांपूर्वी मांडवीच्या वळणावर
ॲक्टिव्हा घसरली, घोटा दोन जागी मोडला.
प्लास्टर कापलं तेव्हा आतून निघाला
कुणा दुसरीचा पाय,
पांढुरका, खवले धरलेला, कापसासारखा मऊ.
हाड जुळलं, सगळे म्हणाले, जुळलं.
सासूबाईंनी पेढे वाटले.
पोटरीची गोष्ट कुणी काढली नाही.

फिजिओथेरपीवाल्या पिनाकिननं टेप लावली.
उजवी चौतीस. डावी साडेएकतीस.
मी मनात ब्लाउजचं माप घेतलं,
अडीच म्हणजे बाहीची एक शिवण उसवली की झालं.
"एवढंच?"
"दर पावलाला एवढंच," तो म्हणाला.
आणि मी कमाटीबागेला तीन फेऱ्या मारते.

"दुखतो कुठला?"
उजवा. गुडघा.
त्यानं नुसती मान हलवली,
जणू हेच उत्तर रोज ऐकतो.

त्याचा नियम असा,
डाव्याची पाळी आधी.
पायरीवर चढायचं, हळू उतरायचं,
धप्पकन नाही, पाण्याची घागर ठेवावी तसं.
डाव्याला आठ जमले तर आठ.
मग उजव्यानंही आठच,
त्याला वीस जमत असले तरी.

उजव्याला हे मुळीच पटत नाही.
गॅसचं सिलिंडर सरकवणारा तो,
जिन्यावर पहिला पडणारा,
बँकेच्या रांगेत सगळं वजन घेऊन
तासभर उभा राहणारा तोच.
चार वर्षं दोघांचं ओढत आला,
थांब असं कुणी म्हटलं नव्हतं.
आठव्याला अडवला की मांडीत थरथरतो.
मला वाटलं, रागानं.
"राग नाही, ताई. थकलाय," पिनाकिन म्हणाला.

हे मला माहीत नव्हतं.
मी आजवर तेल लावलं ते डाव्याला.

आता दात घासताना डाव्यावर उभी राहते.
बेसिनची कड बोटानं धरून,
नळ गळतो त्याचे थेंब मोजत.
पहिल्या आठवड्यात नऊ थेंब.
नवरा टॉवेल घेऊन दारात, "बगळा झालीस का?"
हसले तर पडले,
फेस नाकात गेला.
पाचव्या आठवड्यात एकतीस थेंब.
त्यानं नळ दुरुस्त करून आणला,
तेव्हा मोजायचं काय, म्हणून भांडले.

मास्तरांना सांगितलं हे सगळं.
ते म्हणाले, डग्ग्यानं काय
तबल्यासारखं वाजायचं असतं?
नि शाईवर फडकं टाकून
चहा ठेवायला उठले.
मला वाटलं होतं, पुढे काही बोलतील.

आज त्यांची खिडकी बंद होती, मुलीकडे गेलेत.
रस्ता ओला, झाडूवाल्याची टोपली भिंतीशी.
विश्वामित्रीच्या चिखलात एक मगर
कालच्याच जागी, कालच्याच तोंडानं.
बागेतला सिंह एकदा ओरडून गप्प झाला.
ऐकणारं कुणी नव्हतं म्हणून
पहिल्यांदा मीच ऐकलं,
ठप, ठप, ठप, ठप.
पुलाच्या चढावर डाव्यानं
एकदा खाल्लीच मात्रा.

उजवा घाईनं पुढे आला नाही.