अर्थ लागेना

दस्तगीरने साखळी ओढली
आणि जुनं इंजिन गाडीतून वर आलं,
खालच्या वाळूवर
सव्वीस वर्षं ठिबकवत.
सातेरी बघत नव्हता.
बेळवट्टीची रताळी, पोत्यावर पोतं,
ह्याच इंजिनाने मार्केट यार्डात नेली होती.
तो पलीकडे टायरवर बसून
नुसताच तंबाखू मळत राहिला.

नवं आलं निपाणीच्या भंगारातून.
तवंदी घाटात उलटलेली गाडी, नंबर कोल्हापूरचा,
टप चेमटलेलं, दार एकच उरलेलं,
पण इंजिन, दस्तगीर म्हणाला,
लेकराची टाळू आहे, तसं उचल.

गिअरबॉक्स जुनाच ठेवायचा होता.
ह्याला भोकं आठ, त्याला सहा,
आणि एकही समोरासमोर नाही.
उद्यमबागेत बसलिंगने लेथवर
अठरा मिलिमीटरची प्लेट फिरवली,
एका अंगाला ह्याची भोकं, दुसऱ्या अंगाला त्याची,
आणि हातात देताना म्हणाला,
'आय्तु. इन्न निम्म हणेबरा.'
कपाळाचं काय ते
कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

माझं काम वायरीचं.
जुन्या गाडीत मोजून एकवीस होत्या,
त्यातली एक कशाची, ते कंपनीलाच माहीत.
ह्याच्यात एकशे चाळीस.
आधी पाय दाबला की केबल ओढली जायची;
आता पाय नुसता अर्ज करतो,
मंजूर करायचा की नाही
ते सीटखालचा डबा ठरवतो.

तीन दिवस स्टार्टर फिरला. इंजिन बोललं नाही.
सातेरी येऊन विचारायचा,
'काय करूलालास बे?'
मी गाडीखालून म्हणायचो, 'अर्थ लागत नाही.'
त्याला वाटायचं, मला कळत नाही.
तेही खरंच होतं.

चौथ्या दिवशी स्कॅनर लावला.
डब्यात शेवटचं जे गोठलं होतं ते आलं:
वेग ब्याऐंशी. गिअर चौथा.
पाणी नव्वद डिग्री. ब्रेक दाबलेला.
खाली प्रश्न, पुसायचं का?
हो. नाही.

दस्तगीर मागे येऊन उभा होता.
त्याने फडक्याला हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले.
'भंगारवाल्याला विचारलास, ड्रायव्हरचं?'
'नाही.'
'नको विचारू.'

बिडीच्या पुड्यावर मी ते चार आकडे उतरून घेतले,
का ते ठाऊक नाही,
आणि मग हो दाबलं.

मग चॅसीला कानस लावली.
निळा गेला, त्याखालचा हिरवा गेला,
त्याखाली कुणाच्या तरी हौसेचा शेंदरी,
शेवटी उघडं लोखंड,
बोट ठेवलं तर थंडगार.
तिथे जाड वायर कसली, वॉशर घालून.

लागला अर्थ.

आवाज ओळखीचा नव्हता.
जुनं खोकायचं, आयमाय काढायचं, मग उठायचं.
हे एकदम कामालाच लागलं.
सातेरी बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभा.
'एवढं हळू बोलतंय,' म्हणाला,
'घाटात मला ऐकू येईल काय?'

कागदाचं अजून राहिलंय.
पुस्तकात इंजिन नंबर जुनाच,
आणि अर्ज कन्नडमधून, दोन प्रतींत.
बसलिंग लिहून देतो म्हणालाय, रविवारी,
रताळ्यांच्या एका पोत्यावर.

पहिल्या ट्रिपला मी शेजारी बसलो.
बेळवट्टीचा उतार लागला.
सातेरी शिट्टी घालत होता, काटा साठावर,
पासष्टावर,
आणि सत्तरावर गेला तेव्हा
माझ्या बाजूला नसलेला ब्रेक
मी दाबून धरला होता.