छपरावर चढायचा दिवस

पाणी मी मोजलं.
दोनशे अकरा पिंपं, गाढवगाडीवरून,
आणि चाक मोडलं त्या दिवशी डोक्यावरून आणलेली नऊ.
ती हिशेबात धरायची की नाही
यावरून अजून वाद आहे.

लाकूड शून्य.
शेवटचं मोठं झाड आम्ही जुन्या शाळेच्या वाशांना घातलं,
मग ती शाळा वाळवीच शिकली.
पत्राही नको, मी म्हटलं. पत्रा पाहिलाय आम्ही:
दुपारी तवा, पावसात मास्तर मुका,
वादळात उडाला तो थेट टेनेच्या बाजरीत.
आता तिच्या बकऱ्यांचं दार आहे.

"गावाचं सभाघर, बाळंतिणींची खोली, आणि मातीची?"
नोबिला म्हणाला. "लोक हसतील. सिमेंट आणा."
पैसे कुठले, विचारल्यावर
त्यानं टोपी सारखी केली.

लामूसा गवंडी आला तो फक्त एक दोरी घेऊन.
मागच्या भिंतीला विटा टेकवत गेला,
तिरप्या, एकीच्या अंगावर दुसरी,
बाजार उठल्यावर आम्ही बायका रेलतो तशा.
खाली टेकू नाही, साचा नाही,
ओला चिखल, आणि दोरी सांगेल तेवढाच बाक.
"पडणार," नोबिला रोज सकाळी म्हणायचा
आणि रोज सकाळी विटा वाहायचा.

माझं पाणी उडून गेलं.
एवढ्या खेपा केल्या त्या दाखव, म्हणाल
तर दाखवायला काही नाही.
वीट विटेला धरून आहे, तेवढंच.

मग तो दिवस. तपासायला कुणी साहेब यायचा नव्हता.
लामूसा म्हणाला, सगळे वर चढा.
त्रेसष्ट माणसं चढलो,
पोको तर पाठीवरच्या पोरासकट,
आणि एक ढोल, ज्याचं वजन कुणी विचारलं नाही.
नोबिला टाच आपटत होता,
मुद्दाम, एकाच जागी,
आठ आठवडे साठवलेलं सगळं त्या टाचेत.

मी झरोक्यातून वाकून पाहिलं.
आत लामूसा एकटा,
कमानीच्या बरोबर मधोमध,
शेगडीवर चहा उकळत.
वरून चिमूटभर माती त्याच्या पेल्यात पडली.
त्यानं पाहिली.
बोटानं काढली.
प्यायला.

"दरवर्षी पावसाआधी गिलावा," खालून ओरडला,
"विसरलात तर मला हाक मारायची नाही."

नोबिलाची टाच थांबली.
माझ्याकडे वळून, हळूच,
जणू काही उसनं मागतोय:
"गिलाव्याला पिंपं किती लागतील गं?"