वगळलेला मंगळवार

विचारतोस, जहाजावर काय केलंत इतकी वर्षं?
गंज खरवडला.
खरंच सांगतो. हातोडी, तारेचा ब्रश,
आधी लाल हात, मग करडा.
नाळेपासून सुरू करून वऱ्हांड्याच्या टोकाला पोचेस्तोवर
नाळेला पुन्हा पापुद्रे सुटलेले असत.
सव्वीस वर्षं. डावा कान त्यातच गेला.

आमचं तारावा तू बघतोच आहेस,
रस्त्याच्या मधोमध उभं राहिलं की
या हाताला दर्या, त्या हाताला दर्याचं शांत भावंड,
आणि सगळ्यात उंच जागा म्हणजे माडाचा शेंडा.
हॅम्बुर्गच्या धक्क्यावर ज्या जहाजाची शिडी मी चढलो
ते आमच्या गावापेक्षा लांब होतं.
वरून वाकून पाहिलं आणि पोटात कालवलं.
बोसन तेबुआका, आमच्याच बेटांवरचा, म्हणाला:
पाण्याकडे काय बघतोस, ते तुला ओळखतं.
लोखंडाकडे बघ.

ग्वायाकिलची हिरवी केळी, तेरा अंश, ना एक जास्त ना कमी.
माणसं चाळीस अंशात, केळी तेरात.
मुख्य इंजिनिअर वीबुश
रंगाच्या रिकाम्या डब्यात टोमॅटोचं रोप वाढवायचा,
रोज सकाळी व्हर्नियरने खोड मोजायचा,
वहीत लिहायचा.
बिस्केच्या वादळात डबा गेला.
दोन दिवस तो जेवायला आला नाही,
आणि आम्ही कोणी हसलो नाही.

लुसिओ, धाकटा आचारी, केप व्हर्दचा,
झोपेतच गेला.
मांसाच्या कोठीत ठेवला त्याला, किनारा लागेपर्यंत.
अकरा दिवस कोणी मटण मागितलं नाही.
कोठीचं दार उघडताना तेबुआका
दर वेळी टकटक करायचा.

हां, मंगळवारचं सांगायचं राहिलं.

पनामाहून ऑकलंडला निघालो होतो.
रोज रात्री घड्याळ तासभर मागे, झोप जास्त, सगळे खूश.
मग एके ठिकाणी, पाण्यावर काही आखलेलं नसतं,
सोमवारी रात्री झोपलो आणि बुधवारी उठलो.
मधला दिवस कप्तानाने नोंदवहीत
पट्टी लावून, एका रेघेने संपवला.
मी विचारलं, त्या दिवसाचा पगार?
म्हणाला, तू काम केलंस का त्या दिवशी?

तिसऱ्या दिवशी रेडिओवाल्याने चिठ्ठी दिली.
बेटिओच्या इस्पितळात मुलगी. मंगळवारी.
तिनिया बरी आहे.

मी पुन्हा पुन्हा बोटांवर मोजलं.
सोमवार. बुधवार.
जगात तो दिवस सगळ्यांना मिळाला,
डुकरांना, खेकड्यांना, माझ्या सासूला;
मला तेवढा नाही मिळाला.
त्या दिवशी मी जागा नव्हतो, झोपलेलोही नव्हतो,
जेवलो नाही, गंजाचा एक पापुद्राही काढला नाही.

तिला पाहिलं तेव्हा ती चालत होती.
मला बघून माडाआड लपली.
मी चॉकलेटचा डबा पुढे केला, जर्मन,
तिने डबा घेतला,
मला तसाच उभा ठेवला.

आता रोतिया ऑकलंडात असते, म्हाताऱ्यांच्या आश्रमात नर्स.
वाढदिवसाला फोन करते,
वार कुठलाही असो, पहिलं हेच विचारते:
बाबा, आज तुमच्याकडे मंगळवार आहे का?
मी म्हणतो, थांब, बाहेर जाऊन बघतो.
आणि खरंच बाहेर जातो.
देवळाची घंटा म्हणून टांगलेलं ते गॅसचं नळकांडं,
त्याला बुडाशी गंज चढलाय.
फोन उजव्या कानाला,
नखाने जरा खरवडतो.

आहे, म्हणतो. आज आहे.