सहाशे बारा युनिट

मी मीटर वाचतो. मांद्र्यात, एकोणीस वर्षं.
देवळाचा वाचतो, इगर्जीचा वाचतो,
समुद्राकडे तोंड करून श्वास मोजणाऱ्यांच्या
झोपड्यांचाही वाचतो.
कोण कशावर जगतो
हे मला त्याच्या तोंडून ऐकावं लागत नाही.

बोस्त्यांव लोबोच्या घरात नाताळानंतर
किरणाहारी राहायला आले. चौदा माणसं.
अन्न सोडलेलं, पाणी थोडं,
सकाळी गच्चीवर उगवतीकडे तोंड उघडून उभी,
घरट्यातल्या पिल्लांसारखी.
त्यांचे तेजोमयदादा पूर्वी इंदुरात
इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकायचे.
लपवत नाहीत, स्वतःच सांगतात:
"तेव्हा साठवत होतो, आता थेट घेतो."
वाक्य चांगलं आहे. मलाही पाठ झालं.

बिल अजून बोस्त्यांवच्या मेलेल्या बापाच्या नावावर.
फेब्रुवारीचं: सहाशे बारा.

सहाशे बारा, बाबांनो!
आमच्या घरात माणसं सहा, पंप, मिक्सर,
चवथीला माटोळीवर पाच दिवस दिव्यांच्या माळा,
तरी आकडा दोनशे ओलांडत नाही.
ऊन खाणाऱ्यांनी एवढं थंड काय ठेवलंय?
रुजार पोदेराला विचारलं.
तो पहाटे भोंगा वाजवत सगळे वाडे फिरतो,
त्या घराच्या मागल्या दारी मात्र न वाजवता जातो.
"वीस पोयो," म्हणाला. "उधारी नाही. चांगली माणसं."

हसलो. रात्री जेवताना ते हसू
बांगड्याबरोबर सगळ्यांच्या पानात वाढलं.

मार्चात बलकांवावर एक मुलगी वाट बघत होती.
आतलं नाव अरुणप्रभा,
दंडावर गोंदलेलं जुनं: वृंदा.
अमरावतीकडची बोली,
मनगटाला राखी दोन वेढे जाईल असं.
म्हणाली, "काका, बाकी तेरा जणांना ऊन पुरतं.
मलाच भूक लागते.
माझ्यातच काहीतरी घाण उरली असेल ना?"

तिठ्यावर, जत्रेत, सोड्याच्या गाड्यापाशी
मी भल्याभल्यांची तोंडं बंद केली आहेत.
त्यातलं एकही उत्तर आठवेना.
हातातलं मशीन तिच्याकडे वळवून
आकडा दाखवला, एवढंच.
ती वाचत राहिली, ओठ हलवत,
जसा कुणी मंत्र...
नाही, जशी कुणी वाणसामानाची यादी.
मग खांबाला टेकून रडली.

परतताना खाजनाच्या बांधावर
राखणदाराचं झाड लागतं.
मी देवचार मानत नाही. लिहून देतो.
वर्षाकाठी एक रोट, एक क्वार्टर हुर्राक
आणि वहाणांचा नवा जोड तिथे ठेवतो,
आई ठेवायची म्हणून.
जुना जोड झिजलेला सापडतो.
कुणी गुराखी घालत असणार.
कोण, ते बघायला रात्री कधी गेलो नाही.
खात्याने तिथे मीटर बसवलेला नाही.

मुलगी आता गावी जाणार, असं मी धरून चाललो.
एप्रिलात दिसली नाही. बरं वाटलं.
म्हापशाहून कदंब पकडली असेल,
कुठल्यातरी स्टँडवर पुरीभाजी खाल्ली असेल,
आईने दार उघडलं असेल,
इथपर्यंत मी मनात नेऊन सोडली तिला.

मे महिन्यात फाटक तिनेच उघडलं.
गाल भरलेले. कमरेला किल्ल्यांचा जुडगा,
मागल्या दाराची त्यात असणारच.
माझ्यासाठी लिंबाचं सरबत, साखर बरोबर.
वर गच्चीवर नवी पोरं दोन,
तोंड उघडून, डोळे मिटून,
एकाच्या गुडघ्यांना कंप सुटलेला.
ती त्यांच्याकडे बघत हळूच म्हणाली,
"सगळ्यांना लगेच पचत नाही, काका."

सरबत प्यालो. तहान लागली होती.

सहाशे अठ्ठावन्न.
कागद फाडून तिच्या हातात दिला.
तिने न वाचता घडी घातली.