बत्तिसावी वाघीण

रात्रपाळीला निघालो की धाकटी विचारायची,
"आज किती वाघिणी?"
तिला वाटायचं, वडाळ्याच्या यार्डात खऱ्याच असतात,
शेपट्या एकमेकींत अडकवून निजलेल्या,
आणि बाप कंदील घेऊन त्यांची हजेरी घेतो.
मी म्हणायचो, बासष्ट. चावत नाहीत.

हुद्दा नंबर-टेकर.
कानावर पेन्सिल, काखेत पुठ्ठा,
खडीवर पाऊल कसं टाकायचं ते घोट्यांनी शिकून घेतलेलं.
आधी रेल्वेची अक्षरं, मग नंबर, मग भरलेली की रिकामी,
सील शाबूत का, लेबल कुठलं.
सगळा देश चार-चार चाकांवर येऊन उभा
आणि सगळ्यांचा रंग एकच, भिजलेल्या विटेचा.

इब्राहिम मुकादम काटे बदलायचा.
इंजिन ढकलून सोडून द्यायचं,
मग वाघीण एकटीच घरंगळत यायची,
अंधारात आधी आवाज, मागून ती,
आणि ब्रेकच्या दांड्याला लोंबकळत खलाशी.
पास्कल तुस्कानो हातोडीनं चाकं वाजवत जायचा.
धड चाक घंटेसारखं बोलतं.
तडा गेलेलं नुसतं ठप्प.
मग तो खडूनं लिहायचा: सिक.
वाघिणीला लगेच रजा मिळायची.
आम्हाला अर्ज करावा लागे.

त्या माघात गोदीकडे जाणारा रेक लागला होता.
एकतीस लिहून झाल्या.
बत्तिसावीच्या लेबलावर, निळ्या शाईत,
निफाड.

साहेबांना मी चौकशीत सांगितलं, कंदील विझला.
लेखी दिलं. सही केली. बो. नि. रा.
कंदील विझला नव्हता.
मी तो खडीवर ठेवला होता
आणि दाराच्या फटीला नाक लावून उभा होतो.
रांगडा कांदा, नवा तागाचा बारदान,
चाळीतली ती कोरडी, जराशी गोड धूळ
आणि नानाच्या सदऱ्याचा वास, जो कांद्याचा नव्हे, पण त्यातच असायचा.
किती वेळ, ते कुठल्या रकान्यात लिहू?
मग पाय तेहेतीसकडे चालू लागले.
पेन्सिलही त्यांच्यामागून गेली.

कागदावर नाही ती वाघीण यार्डात नसते.
तिला कुणी तोडली, कुणी कुठे ढकलली,
कुणालाच विचारता येईना, कारण नव्हतीच.
व्यापाऱ्याचा क्लेम आला. माझ्या नावानं कागद आला.
एका वर्षाची वेतनवाढ गेली.

शिमगा उलटून गेल्यावर मुकादम घरी आला,
चप्पल न काढताच म्हणाला,
"बोरस्ते, चल. तुझी वाघीण व्यायली."

शिवडीला, कापसाच्या गोदामांमागे, मोडक्या बफरपाशी
ती उभी होती.
दाराच्या फटीतून, फळीच्या भोकातून, बिजागरीच्या बगलेतून
पात बाहेर आली होती.
आत पिवळी, भुतासारखी लांब,
बाहेर उन्हात हिरवीगार.
वास असा की कावळेही लांब बसलेले.
तुस्कानोनं सवयीनं चाक वाजवलं.
"तब्येत चांगली आहे," म्हणाला.

पंचनामा दुपारी होणार होता.
मुकादमानं सकाळीच दोन जुड्या सदऱ्याखाली घातल्या.
एक माझी.
रेल्वेच्या ताब्यातला माल, शिवाय पुरावा.
रात्री आम्ही पुराव्याचा झुणका खाल्ला.
धाकटीनं ताट चाटलं आणि विचारलं,
वाघिणीला अजून येईल का?

आता तिथले बरेच रूळ उपटलेत.
डबे कंपन्यांचे, एकाच मापाचे,
खांबावरचं यंत्र धावत्या गाडीचे नंबर टिपतं,
वाकत नाही, थांबत नाही.
चांगलंच आहे. पाठ दुखते वाकून.

परवा धाकटीच्या मुलानं विचारलं,
आजोबा, एखादा नंबर आठवतो?
मी त्याला धडाधड अकरा म्हणून दाखवले,
अक्षरांसकट.
"आणि त्या कांद्याच्या वाघिणीचा?"

तो मी वाचलाच नव्हता.
त्या रात्री नाही.
शिवडीलाही नाही.